मॉड पॉवेल आणि तिचं व्हायोलिन

नमस्कार मंडळी, आज तुम्हाला मॉड पॉवेलबद्दल सांगायचंय. नाव ऐकलं नसेल बहुतेकांनी, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

१८६७ सालचा जन्म, अमेरिकेत इलिनॉय राज्यातलं पेरू नावाचं गाव. पोरीचा व्हायोलिनवरचा हात बघून आईवडिलांनी तिच्या शिक्षणासाठी चक्क राहतं घर विकलं, आणि आई तिला घेऊन युरोपला गेली. लाइपझिग, पॅरिस, मग बर्लिनला योआखिमसारखा नामवंत व्हायोलिनवादक गुरू! १८८५ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं तेव्हा ती १७ वर्षांची होती, विचार करा.

पण खरी कसोटी घरी परतल्यावर. बाईनं पियानो वाजवावा, गावं, पण हनुवटीखाली व्हायोलिन धरून ऑर्केस्ट्रासमोर उभं राहणं हे लोकांना पचायचं नाही. आणि हिनं काय करावं, तर सगळ्यात अवघड आणि नव्याकोऱ्या रचनाच उचलल्या. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कंचेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा अशी रचना, अमेरिकेत पहिल्यांदा वाजवला तो हिनं, १८८९ मध्ये. नंतर १९०६ मध्ये फिनलंडच्या सिबेलियसचा कंचेर्टो, जो आज प्रत्येक मोठा व्हायोलिनवादक वाजवतो, तोही तिथे पहिल्यांदा हिच्याच हातून ऐकला लोकांनी. १८९४ मध्ये स्वतःच्या नावाचं क्वार्टेट, म्हणजे चौघा वादकांचा संच, काढलं, बाकीचे तिघे पुरुष आणि पुढारी ही.

मला सगळ्यात भावतं ते हे की ती फक्त न्यूयॉर्क, बोस्टनमध्ये अडकून नाही राहिली. रेल्वेनं लांब लांब जायची, जिथे लोकांनी असलं संगीत कधी ऐकलंच नव्हतं अशा गावांत, आणि त्यांना कळणार नाही म्हणून हलकंफुलकं वाजवून वेळ मारून नेणं तिला मान्य नव्हतं.

१९०४ पासून व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता हो, एका कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून वाजवायचं, त्या आवाजानं सुई थरथरायची आणि मेणावर रेघ उठायची, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

१९१९ च्या नोव्हेंबरात सेंट लुईसला कार्यक्रम चालू असतानाच ती स्टेजवर कोसळली, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा दौऱ्यावर निघाली आणि ८ जानेवारी १९२० ला त्याच दौऱ्यात, पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनला वारली. वय फक्त ५२.

आता तिची १९११ ची रेकॉर्ड लावतोय, 'डीप रिव्हर', कृष्णवर्णीयांचं भक्तिगीत आहे मूळचं. खरखर आहे भरपूर. जरा आवाज वाढवा रेडिओचा.