फुली, गोल आणि दोघींचं एक सोनं

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘बांबू उडी’, म्हणजे पोल व्हॉल्ट, असा छापलाय. छापणाऱ्यांचे आभार. वास्तविक या खेळातला बांबू जाऊन कितीतरी वर्षं झाली. १९४० साली कॉर्नेलियस वॉर्मरडॅम हा अमेरिकन पंधरा फुटांवरून गेला, तो बांबूच्याच जोरावर. नंतर धातूचे पोल आले, मग फायबरग्लास आलं. आपल्या मराठीने मात्र बांबू सोडला नाही. शाळेत शिकलेलं नाव आहे, राहू दे.

मी स्वतः उडी मारणारा नव्हे, टेबलावरचा माणूस. जिल्ह्याच्या नि विद्यापीठाच्या स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं तक्ता लिहिलाय. या तक्त्यात तीनच खुणा असतात. उडी साधली की गोल, चुकली की फुली आणि ती उंची सोडून दिली की आडवी रेघ. लहानपणी पाटीवर फुली-गोळा खेळायचो, तसंच दिसतं. एकदा भर उन्हात एकीची फुली मी दुसरीच्या ओळीत मारली. दुपारी नेमक्या त्या दोघीच एका उंचीवर अडकल्या! मुख्य पंचांचा कागद वेगळा होता म्हणून निभावलं, नाहीतर एका पोरीचं पदक माझ्या घामट बोटामुळे गेलं असतं. त्या दिवसापासून मी फुलीकडे आदराने बघतो.

आता चलूया बुडापेस्टला. २३ ऑगस्ट २०२३, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, महिलांची अंतिम फेरी. एका बाजूला अमेरिकेची केटी मून, टोकियो ऑलिंपिकची विजेती आणि आदल्या वर्षीची जगज्जेती. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाची नीना केनेडी, आदल्या वर्षी तिसरी आलेली. फिनलंडची विल्मा मुर्तो ४.८० मीटरवर थांबली, तिला कांस्य. या दोघी ४.९० पार करून गेल्या. केनेडीसाठी तो ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम. मग आडवी काठी ४.९५ वर गेली. दोघींनी तीन-तीनदा प्रयत्न केला, सहाच्या सहा उड्या चुकल्या.

आता तक्ता बघायचा. नियम असा, की शेवटी पार केलेल्या उंचीवर जिच्या फुल्या कमी ती पुढे. तिथे बरोबरी असेल तर त्या उंचीपर्यंतच्या एकूण फुल्या मोजायच्या. त्याही सारख्या निघाल्या. आता पहिल्या क्रमांकासाठी निर्णायक उडी, म्हणजे परत ४.९५, एकेक संधी. दोघी चुकल्या तर काठी पाच सेंटिमीटर खाली, दोघी गेल्या तर पाच वर, आणि असं एक जण सुटेपर्यंत. पण खेळाडूंनी मिळून ‘आम्हाला नको’ म्हटलं तर दोघींना पहिला क्रमांक, हेही नियमातच लिहिलंय. दोघींचं बोलणं झालं आणि दुसऱ्या क्षणी त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सोनं दोघींना.

लोकांना टोकियोची आठवण झाली. १ ऑगस्ट २०२१ रोजी उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी यांनी २.३७ मीटरवर असंच सोनं वाटून घेतलं होतं. तेव्हा जग गहिवरलं. या दोघींच्या वाट्याला मात्र दुसऱ्या दिवशी शिव्याही आल्या. भित्र्या आहेत, पळ काढला, शेवटपर्यंत लढायला नको का, वगैरे. मूनला इन्स्टाग्रामवर उत्तर द्यावं लागलं, की इतक्या वेळाने शरीर नि मन किती थकलेलं असतं ते बाहेरून दिसत नाही.

मला इथे जरा थांबायचंय, कारण टीकाकारांना खरी गोम कळलेली नाही. उंच उडीत दमलेला माणूस काठी पाडतो आणि गादीवर पडतो. पोल व्हॉल्टचं तसं नाही. या बायका मैदानावर पोलांची अख्खी पिशवी घेऊन येतात. प्रत्येक पोलची लांबी वेगळी, कडकपणा वेगळा. काठी वर चढत गेली की खेळाडू जास्त कडक पोल काढते. कडक पोल तुम्हाला वर फेकतो खरा, पण आधी त्याला वाकवायला धावण्याचा वेग लागतो. वेग कमी पडला तर काय होतं? पोलचं टोक खालच्या पेटीत, वीस सेंटिमीटर खोल खड्ड्यात, रुतलेलं असतं. पोल उभा व्हायच्या आतच सगळा जोर संपतो आणि माणूस गादीकडे न जाता आला त्या वाटेने मागे पडतो. मागे धावपट्टी. म्हणजे ४.९५ चा कडक पोल आणि दोन तास धावून दमलेले पाय, ही जोडी चांगली नाही. मी आमच्याकडच्या स्पर्धेत एका मुलीला असं मागे पडताना पाहिलंय. पेटीच्या कडेवर टाच आपटल्याचा आवाज टेबलापर्यंत आला होता. त्यामुळे कोणी दोघींना भित्र्या म्हटलं की मला तो आवाज आठवतो.

गंमत पुढे आहे. पॅरिसला २०२४ मध्ये उंच उडीत न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकएवेन २.३६ वर बरोबरीत आले. ते निर्णायक उडीला गेले, केर २.३४ वर जिंकला. आणि लोक मॅकएवेनच्या मागे लागले, वाटून का नाही घेतलं म्हणून! घरात सोफ्यावर बसून सोनं वाटायलाही सोपं आणि नाकारायलाही सोपं.

वाटून घेण्याची गोष्ट नवी नाहीच. १९३६ चं बर्लिन ऑलिंपिक, पुरुषांची बांबू उडी, आणि इथे बांबू अक्षरशः. जपानचे निशिदा आणि ओए दोघेही ४.२५ वर. त्यांनी आपसात लढायला नकार दिला. कागदोपत्री निशिदाला रौप्य, ओएला कांस्य गेलं. मायदेशी परतल्यावर दोघांनी पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धं रुपेरी, अर्धं कांस्य अशी जोडून दोन केली. पाच वर्षांनी ओए युद्धात मारला गेला.

बायकांना मात्र असं काही वाटून घ्यायला जागतिक अजिंक्यपदात शिरायलाच १९९९ साल उजाडलं. सेव्हिलला स्टेसी ड्रॅगिला ४.६० मीटरवर जिंकली, पुढच्या वर्षी सिडनीत ऑलिंपिकचं पहिलं सोनंही तिचंच, परत ४.६० वर. पुरुष ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून उडताहेत. नंतर रशियाची इसिनबायेवा आली, २००५ साली पाच मीटर ओलांडणारी पहिली बाई. पण तिचीही एक रात्र ऐका. २००९, बर्लिनची जागतिक स्पर्धा, एकही उंची पार नाही. तिच्या नावापुढे गोल म्हणून नाहीच. अकरा दिवसांनी झुरिकमध्ये तीच बाई ५.०६ वरून गेली. तो विक्रम अजून उभा आहे. आणि ब्राझीलची मुरेर? २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ऐन अंतिम फेरीत तिचा हवा तो पोलच सापडेना. शोधलं, पंचांशी भांडली, शेवटी दुसऱ्या पोलवर गेली आणि चुकली. तक्त्यात त्या चुकलेल्या उड्यांच्या फुल्या दिसतात, पोल हरवल्याची नोंद करायला रकाना नसतो. तीन वर्षांनी दक्षिण कोरियात ती जगज्जेती झाली, हे मी तुमच्या समाधानासाठी सांगतो.

पण माझ्या मनात या विषयावर बोलताना येते ती वेगळीच बाई. सँडी मॉरिस. अमेरिकेचीच, पाच मीटर पार केलेली. २०१६, रिओ ऑलिंपिक: ग्रीसची स्टेफानिडी आणि मॉरिस दोघीही ४.८५. फुल्या मोजल्या, मॉरिसला रौप्य. २०२२, यूजीनची जागतिक स्पर्धा: मून आणि मॉरिस दोघीही ४.८५. परत फुल्या मोजल्या, परत रौप्य. कोणीतरी आधीच्या उंचीवर एकदा पाऊल चुकवतं, काठी थरथरते, पडते, आणि दोन तासांनी त्या एका खुणेची किंमत सोनं असते. तिला वाटून घ्यायची संधी कधी आलीच नाही, कारण तक्ता पूर्ण सारखा कधी निघालाच नाही. बुडापेस्टवर रागावणाऱ्यांना मी म्हणतो, इथे बरोबरी फुकट मिळत नाही हो. ती प्रत्येक उंचीवर कमवावी लागते.

पुढचं थोडक्यात सांगतो, चहा आलाय असं दिसतंय. पॅरिस ऑलिंपिकमध्ये केनेडी ४.९० वर एकटी जिंकली. मून आणि कॅनडाची न्यूमन ४.८५ वर बरोबरीत, वही उघडली, मूनला रौप्य. २०२५ ला टोकियोत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा केनेडी दुखापतीमुळे नव्हती. मून ४.९० वर जिंकली. दुसरी कोण आली? सँडी मॉरिस, ४.८५. जागतिक स्पर्धेतलं तिचं चौथं रौप्य. फक्त या खेपेला फुल्या मोजायची वेळ आली नाही, मध्ये सरळ पाच सेंटिमीटर होते.