रॉचेस्टरचा चौथा कोपरा

मंडळी, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात मेडवे नदीच्या काठी रॉचेस्टरचा किल्ला आहे. त्याच्या मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी आहेत आणि आग्नेयेचा चौथा गोल आहे. आज बोलायचं आहे ते या चौथ्या कोपऱ्याबद्दल.

११२७ मध्ये राजा पहिल्या हेन्रीनं हा किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपकडे, विल्यम द कॉर्बेलकडे सोपवला आणि त्यानं मनोरा उभारला. पाया साधारण ७० फूट चौरस, कठड्यापर्यंतची उंची ११३ फूट, आणि कोपऱ्यांवरचे छोटे बुरूज त्याहून १२ फूट वर. भिंत तळाशी सुमारे १२ फूट जाड. बांधकाम केंटच्या कठीण, ओबडधोबड चुनखडकाचं. कोपऱ्यांना मात्र नॉर्मंडीतल्या काँ (Caen) या गावाहून समुद्रमार्गे आणलेला मऊ, घडवायला सोपा दगड. आत पूर्व-पश्चिम अशी एक आडवी भिंत तळापासून वरपर्यंत जाते आणि मनोऱ्याचे दोन भाग करते. विहिरीचा उभा नळ याच भिंतीच्या पोटातून नेलेला आहे आणि प्रत्येक मजल्यावर त्याला तोंड ठेवलं आहे, म्हणजे पोहरा कुठल्याही मजल्यावरून सोडता येतो. दार उत्तरेला, तेही जमिनीपासून वर, पुढच्या वेगळ्या इमारतीतून. ही आडवी भिंत आणि ही विहीर, दोन्ही लक्षात ठेवा.

१२१५ च्या ऑक्टोबरात राजा जॉननं बंडखोर सरदारांना इथं वेढलं. दगडफेकी यंत्रांनी मनोरा हलेना, तेव्हा त्यानं सुरुंग लावला. आपल्याकडे सुरुंग म्हटलं की दारू आठवते. १६६० मध्ये चाकणचा बुरूज शायिस्तेखानानं दारूनंच उडवला. जॉनच्या इंग्लंडात दारू नव्हती. तिथला सुरुंग म्हणजे भिंतीखाली खणलेलं भुयार. पाया जसजसा पोखरत जाल तसतसे वरच्या वजनाला लाकडी टेकू द्यायचे, पोकळीत काटक्या-फांद्या ठासायच्या, आग लावायची आणि बाहेर पळायचं. टेकू जळाले की भिंत खाली बसते. यात बिघडतं ते आगीत: ओल असली किंवा हवा खेळली नाही की आग कोंडते, काही टेकू तगतात आणि भिंत नुसती तडकून उभी राहते. म्हणून जाळ भडकता हवा. २५ नोव्हेंबरला जॉननं आपल्या मुख्य अधिकाऱ्याला, ह्यूबर्ट द बर्गला, हुकूम धाडला: ४० डुकरं पाठवा, सगळ्यांत चरबीदार आणि खायला सगळ्यांत निरुपयोगी. चरबी जाळात घालायला हवी होती.

कोपराच का निवडला? सरळ भिंतीच्या मधोमध खालचा दगड काढला तर वरचं बांधकाम कमानीसारखं दोन्ही बाजूंना भार टाकतं आणि बऱ्याचदा तगतं. कोपऱ्याला ती सोय नाही. एका बाजूला टेकायला काहीच नसतं, त्यामुळे दोन्ही भिंतींची टोकं एकदम खाली येतात. शिवाय वरच्या तिरंदाजाला कोपऱ्याच्या पायथ्याशी काय चाललंय ते नीट दिसत नाही.

आग्नेय कोपरा कोसळला. तरीही किल्ला लगेच पडला नाही, आणि बांधणाऱ्याचं खरं कौतुक इथं आहे. शिबंदी आडव्या भिंतीमागे उत्तरेच्या भागात सरकली. दार त्यांच्याच बाजूला आणि पाणी भिंतीतच. त्यांना मोडलं ते उपासमारीनं. घोडे खाऊन झाले होते. ३० नोव्हेंबरला त्यांनी शरणागती पत्करली.

पुढे तिसऱ्या हेन्रीच्या काळात पडलेला कोपरा पुन्हा बांधला, तो गोल. गोलाईत प्रत्येक दगड शेजारच्या दगडात रुततो आणि पोखरायला सुटं टोक मिळत नाही. शिवाय वरून मारा चुकवायला आडोसाही कमी. १२६४ मध्ये राजाविरुद्ध उठलेल्या सरदारांचा पुढारी सायमन द माँटफर्ट याच्या फौजेनं वेढा घातला तेव्हा बाहेरचं आवार तिच्या हाती गेलं. मनोरा मात्र तिला घेता आला नाही, आणि राजाची कुमक येतेय असं कळताच वेढा उठला.