शेप सीडी वाजते का? वाजते, पण आधी मधलं बटण दाबा

नमस्कार मंडळी. शेल्फवाला व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: "ती गोल नसलेली शेप सीडी खरंच वाजते का, की नुसती शोभेची?" वाजते. कशी वाजते आणि कशी मोडते, दोन्ही सांगतो. मोडण्यावर जरा जास्त बोलेन, कारण तिथेच लोक चुकतात.

(डिस्क कॅमेऱ्यासमोर)

ही बघा. इन फ्लेम्स या बँडची 'ब्लॅक-ॲश इनहेरिटन्स', १९९७, कंपनी न्यूक्लियर ब्लास्ट. चार गाणी, साधारण पाव तास. यांचं संगीत मेलोडिक डेथ मेटल; ते म्हणजे काय हे भराभर सांगतो: स्वीडनमधलं गोथेनबर्ग शहर, नव्वदचं दशक, डेथ मेटलचा घोगरा गळा आणि त्यावर दोन गिटारी एकमेकींच्या हातात हात घालून चाल वाजवतात. तिथले बँड म्हणजे इन फ्लेम्स, डार्क ट्रँक्विलिटी, ॲट द गेट्स. झालं.

ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी डिस्क, 'द जेस्टर रेस' (१९९६) आणि 'व्होरॅकल' (१९९७) या दोन अल्बमच्या मधली. यातलं 'जायरोस्कोप' पुढे 'व्होरॅकल'वर आलं. त्या काळी ड्रम वाजवत होता ब्योर्न गेलोट्ट, जो नंतर याच बँडचा गिटारवाला झाला. पण माझा जीव अडकलाय तो चौथ्या ट्रॅकमध्ये, 'बिहाइंड स्पेस'च्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये. हे गाणं मुळात १९९४च्या 'लूनर स्ट्रेन'वरचं. तिथे गायलाय मिकाएल स्टाने, जो खरं तर डार्क ट्रँक्विलिटीचा. इथे गातोय अँडर्स फ्रिदेन, जो आधी डार्क ट्रँक्विलिटीत गायचा. दोन बँडांत गायकांची जणू अदलाबदल झाली, आणि एकच गाणं दोघांच्या गळ्यातून ऐकायला मिळतं. दोन्ही एकामागोमाग लावून बघा. स्टानेचा आवाज खरवडत येतो, फ्रिदेन शब्द चावून फेकतो.

एकाने लिहिलंय, "ही गाणी 'जेस्टर रेस'च्या नंतरच्या काही आवृत्त्यांत जोडलेली आहेत, मग वेगळी डिस्क कशाला?" गाणीच हवी असतील तर तीच आवृत्ती घ्या, मी मनापासून सांगतो. ही घ्यायची ती वस्तू म्हणून. १९९७मध्ये कुणीतरी ठरवलं की पाव तासाच्या संगीताला पूर्ण वर्तुळाची गरज नाही. तो विचार मला फार आवडतो, कारण तो तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, ग्रामोफोन रेकॉर्डच्या उलट. डिस्कच्या केंद्रापासून २३ मिलिमीटरवर गाण्यांची यादी, म्हणजे अनुक्रमणिका. २५ मिलिमीटरवर संगीत सुरू. नेहमीची सीडी १२० मिलिमीटर व्यासाची, आणि ७४ मिनिटं भरायची असतील तर संगीत पार ५८ मिलिमीटरपर्यंत जातं. पण पंधरा मिनिटं? मी हिशोब केला. सुमारे १० मिलिमीटर रुंदीचं कडं पुरतं. त्याच्या बाहेर नुसतं प्लॅस्टिक. कापा हवं तसं. म्हणूनच शेप सीडीवर पूर्ण लांबीचा अल्बम मावत नाही, ईपी मावते.

आता खरा मुद्दा. डिस्क केसमधून काढताना मधलं बटण, म्हणजे भोकात बसून डिस्क धरणारे दाते, दाबा. काठ धरून ओढू नका.

"हे काय सांगायचं?" असं म्हणाल. पण मला आलेल्या फोटोंमध्ये निम्म्याहून जास्त डिस्क मधूनच तडकलेल्या आहेत. माझीही पहिली शेप सीडी अशीच गेली. ही नव्हे, दुसरी होती. केसचे दाते कडक होते, मी एका टोकाला धरून वर खेचलं, 'टक' असा आवाज आला. वाटलं, दाता मोडला. मोडली होती डिस्क. भोकाच्या काठावर केसाएवढी रेघ. दोन महिने वाजली. मग एक दिवस प्लेअरने ती ओळखायचंच नाकारलं.

का, ते बघा. भोकाचा काठ केंद्रापासून साडेसात मिलिमीटरवर. अनुक्रमणिका २३वर. मधे साडेपंधरा मिलिमीटर कोरं प्लॅस्टिक, आणि रेघ तिथून बाहेर सरकत जाते. ती अनुक्रमणिकेपर्यंत पोचली की डिस्कवर काय आहे हेच प्लेअरला कळत नाही. गाणी जागच्या जागी, दार मात्र बंद. बाहेरचं टोक मोडलं तर संगीताला काही होत नाही; मधे रेघ गेली तर चारही गाणी गेली. लोक टोकांना जपतात आणि भोकाला ओढतात. नेमकं उलटं!

गोल डिस्कला दोन्ही बाजूंनी सारखं धरता येतं, म्हणून ओढली तरी कधी कधी निभावतं. हिला तशी सोय नाही. एका टोकाला धरलंत की सगळा ताण भोकाच्या एकाच बाजूला. म्हणून एका बोटाने मधले दाते दाबायचे, ते आत गेले की डिस्क आपोआप सुटते. मग उचलायची.

(करून दाखवतो. पुन्हा, सावकाश. आता बाजूने बघा.)

डिजिपॅकवाल्यांनी, म्हणजे ज्यांची सीडी पुठ्ठ्याच्या घडीत येते त्यांनी, तर जास्तच जपा. ज्वेल केसचा, म्हणजे नेहमीच्या प्लॅस्टिकच्या डबीचा, ट्रे बदलता येतो. डिजिपॅकचा पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो. दाते मोडले की डिस्क आत खुळखुळत राहते.

वाजवायची कशात? झाकण वर उघडणारा प्लेअर सर्वात चांगला, कारण डिस्क थेट मधल्या खुंटीवर बसते. बाहेर सरकणारा ट्रेही चालतो, फक्त डिस्क मधोमध ठेवा. फटीतून डिस्क आत ओढणारा प्लेअर, गाडीतला असो की लॅपटॉपचा, अजिबात नको. त्याचे रबरी रोलर गोल काठ शोधतात, तो इथे नाहीच. माझ्या एका मित्राची डिस्क गाडीत अडकली ती डॅशबोर्ड उघडल्यावरच बाहेर आली.

कॉम्प्युटरवर कॉपी करत असाल तर वेग आधी चारपट किंवा आठपटवर आणा. साधा प्लेअर डिस्क मिनिटाला २०० ते ५०० वेळा फिरवतो. बावन्नपट ड्राइव्ह पूर्ण वेगात दहा हजारांच्या आसपास जातो. समतोल नसलेली डिस्क त्या वेगात थरथरते, आणि तो सगळा हिसका पुन्हा कुठे बसतो? भोकावर. तिथे आधीच रेघ असेल तर डिस्क ड्राइव्हमध्येच फुटू शकते.

तुमच्याकडे शेप सीडी असेल तर आज उजेडात धरून भोकाचा काठ बघा. रेघ दिसली तर पट्टीने मोजा आणि किती मिलिमीटर आहे ते खाली लिहा. पंधराच्या जवळ असेल तर तोवर वाजवू नका. आधी मला फोटो पाठवा.