शंभर मोजायचे, पण श्वासावर

नमस्कार मंडळी! पांडवलेणी चढताना मला कधी त्रास होत नाही, पण मागच्या पावसाळ्यात उतरताना कंबर अशी धरली की मी अर्ध्या वाटेत पायरीवरच बसले. शेक झाला, पट्टा झाला, शेवटी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, काकू, पोटाचे आतले स्नायू झोपलेत तुमचे, पिलाटेस करा.

मला वाटलं कुठलं मशीन असेल. तर ते माणसाचं आडनाव! जोसेफ पिलाटेस, १८८३ साली जर्मनीत जन्मला, लहानपणी दमा आणि मुडदूस, म्हणजे अगदी किडमिडं पोर. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता, जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं, आणि तिथे आजाऱ्यांच्या पलंगाला स्प्रिंगा लावून तो त्यांच्याकडून पडल्यापडल्या व्यायाम करवून घ्यायचा असं सांगतात. पुढे न्यूयॉर्कला त्याच्याकडे नाचणारी मंडळी दुखापती घेऊन यायला लागली. तो स्वतः मात्र आपल्या या व्यायामपद्धतीला कंट्रोलॉजी म्हणायचा, म्हणजे शरीरावर मनाचा ताबा.

आता तुम्ही म्हणाल हे योगासनच झालं की. थोडंफार हो, पण आसनात आपण थांबतो, इथे सारखं हलायचं, तेही सावकाश. आणि श्वासाचं तर उलटंच, पोट फुगवायचं नाही, ते जरा आत धरून बरगड्या दोन्ही बाजूंना छत्रीसारख्या उघडायच्या. हे जमायला मला पंधरा दिवस लागले, खोटं कशाला बोलू!

सगळ्यात प्रसिद्ध व्यायाम हंड्रेड. चटईवर उताणं झोपा, गुडघे दुमडून पाय जमिनीवर, नवशिक्यांनी डोकं उचलायचं नाही. हात कडेला सरळ ठेवून वर-खाली हलवायचे, जेमतेम वीतभर. पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, असं दहा वेळा, झाले शंभर. आणि मध्येच गॅसवरचं दूध आठवलं ना की मोजणं चुकलंच, मग पुन्हा एकपासून! हा नियम माझा, पिलाटेसचा नाही.

महागडं रिफॉर्मर मशीन, म्हणजे स्प्रिंगा लावलेला सरकता पलंग, नसलं तरी चालतं, पिलाटेसचे कितीतरी व्यायाम चटईवरचेच आहेत. पण स्लिप डिस्क असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, व्हिडिओ बघून सुरू करू नका. आणि मिसळ खाऊन लगेच तर अजिबातच नको, ते मी करून बघितलंय.