वाळूची वही

(दृश्य: शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर. मोल्डिंग लाइन.)

ब्लो होल, म्हणजे वाळूच्या मोल्डमध्ये (साच्यात) ओतलेल्या धातूत वायू अडकून राहिलेली पोकळी, बाहेरून दिसत नाही. कास्टिंग (ओतीव नग) ग्राहकाकडे पोचतं, मशीनवर वरचे दोन मिलिमीटर निघतात आणि आतली गुळगुळीत पोकळी उघडी पडते. माल परत.

मग सल्ले सुरू होतात. ग्राहकाचा क्वालिटी इंजिनिअर म्हणतो, मेटल आणखी गरम ओता. वाळू बांधून ठेवणारी माती, बेंटोनाइट, कच्छहून येते. ते पुरवणारा म्हणतो, बेंटोनाइट वाढवा. कोल डस्टवाला वाळूत घालायची कोल डस्ट (कोळशाची भुकटी) सुचवतो. तिघेही जाणकार, सल्लाही फुकट. पण वाळू कालवणाऱ्या तुमच्या मिक्सरमध्ये काय चाललंय, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. घाबरून तिन्ही केलं, तर? बेंटोनाइट वाढलं की पाणी जास्त लागतं, पाण्याची वाफ होते, कोल डस्टचा वायू त्यात भर घालतो. होल वाढतात, आणि चुकलं कशामुळे ते कळत नाही.

फौंड्रीवाल्यांची संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन, 1950 सालची; कोल्हापुरातही तिची शाखा आहे. माहितीचा तुटवडा नाही. तुटवडा असतो तो वहीचा.

(दृश्य: लॅबचं टेबल, जवळून.)

दर तासाला मिक्सरमधला नमुना, त्याचे आकडे वहीत. ओलावा साधारण 3 ते 4 टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी (ठोकल्यावर वाळू किती दबते ते) 40 टक्क्यांच्या आसपास. तीन ठोक्यांत 50 मिलिमीटर व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा ठोकळा. त्याची ताकद आणि परमिएबिलिटी (त्यातून वायू किती सहज बाहेर जातो ते). शेजारी परतीच्या, म्हणजे वापरून मिक्सरकडे परत येणाऱ्या, वाळूचं तापमान. हा रकाना कोरा ठेवू नये: वाळू 50 अंशांच्या वर गेली की पाणी टिकत नाही, मोल्डची कड चुरते.

नमुना नेण्याचीही गंमत आहे. गरम वाळू उघड्या घमेल्यातून लॅबपर्यंत नेली, तर ओलावा वाटेतच उडतो. आकडा कमी येतो, ऑपरेटर पाणी वाढवतो. झाकणाचा डबा वापरला की झालं.

कास्टिंगवर तारीख आणि पाळीचा शिक्का हवा, म्हणजे परत आलेला नग वहीच्या नेमक्या पानाशी जुळतो. ते पान समोर ठेवलं की सल्लागारही नेमकं बोलतो. कधी औषध बेंटोनाइट नसतंच. वाळू थंड करावी लागते.

आणि एका वेळी एकच बदल. वाळू तीच फिरत राहते, त्यामुळे परिणाम एका पाळीत दिसत नाही. काही दिवस थांबावं लागतं. मालकाचा धीर सुटतो तो नेमका इथे, तिसऱ्या दिवशी.