दुसऱ्या माणसाचं काम

नमस्कार. एकटीनं लांबचा पल्ला चालण्याबद्दल बोलायचं, तर मला सुरुवात सोबत्यापासून करावी लागते. दोघं चालत असतात तेव्हा दुसरा माणूस नेमकं काय करतो? गप्पा मारतो, ते झालंच. पण तो तंबूचे खांब उचलतो. मुक्काम हलवताना मागे वळून बघतो आणि गवतात राहिलेली खुंटी दाखवतो. तुम्ही लंगडायला लागलात की म्हणतो, "थांब, पाय दाखव बघू." गारठ्यानं तुमची जीभ जड झाली, तर ते तुमच्याआधी त्याच्या कानाला कळतं. एकट्या माणसाला ही सगळी कामं स्वतःच करायची असतात, आणि तीही बहुतेक वेळा तो पार दमलेला असताना. म्हणून ती आधीच, घरी बसून, डोकं शांत असताना ठरवून ठेवावी लागतात. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

पहिली गोष्ट वजनाची. दोघांत तंबू, स्टोव्ह, भांडं, पाण्याचा फिल्टर, औषधं एकेकच लागतात आणि वाटून घेता येतात. एकट्यालाही ती एकेकच लागतात, पण वाटून घ्यायला कुणी नसतं. अन्न, पाणी आणि इंधन सोडून सॅकमध्ये जे उरतं, त्याला चालणारे बेस वेट म्हणतात. ते ९ किलोच्या आत असलं तर ओझं हलकं मानतात, आणि ४.५ किलोच्या आत आणणारेही आहेत. आता हिशोब करा. कोरडं अन्न माणशी दिवसाला साधारण ७०० ग्रॅम. पाच दिवसांचं साडेतीन किलो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. बेस वेट ९ धरलं तरी निघताना पाठीवर साडेचौदा किलो आणि वर इंधन. ओझं कमी करायचं, तर आधी सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग या तिघांकडे बघा. टूथब्रशचा दांडा कापून काही होत नाही, हलका तंबू घेतला तर किलोभर वाचतं. प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून काढा. अंदाजानं भरलेली सॅक मी आजवर एकदाही हलकी झालेली पाहिलेली नाही.

इथे एमा गेटवुड यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अकरा मुलांच्या या आईनं अमेरिकेची अपालाशियन ट्रेल सलग आणि एकटीनं पार केली. तेव्हा ती वाट सुमारे ३,३०० किलोमीटरची होती. खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी, पायात साधे कापडी बूट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. लोक ही गोष्ट इथेच संपवतात. पण त्याआधीच्या वर्षी त्या याच वाटेवर चुकल्या होत्या, त्यांचा चष्मा फुटला होता, आणि त्यांना घरी परतावं लागलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी वाटेचं दुसरं टोक धरलं आणि तिथून निघाल्या. शिवाय त्यांची पिशवी हलकी राहिली, कारण त्या वाटेवर निवाऱ्याच्या झोपड्या होत्या आणि अनोळखी लोकांनी त्यांना घरात झोपायला जागा दिली. जिथे झोपडीही नाही आणि घरही नाही, तिथे तंबू हेच तुमचं घर, आणि त्याचं वजन तुम्हालाच उचलायचं आहे. हलकं चालावं, जरूर चालावं, पण वगळलेल्या वस्तूचं काम आता कोण करणार हे सांगता आलं पाहिजे.

झोपेबद्दल थोडक्यात. नवखा माणूस जाड स्लीपिंग बॅग घेतो आणि मॅटकडे दुर्लक्ष करतो. पण अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही, जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, म्हणजे ती उष्णता किती अडवून धरते त्याचा आकडा. साध्या फोमच्या मॅटची दोनच्या आसपास असते. जमीन गोठत असेल तर चार किंवा त्याहून जास्त हवी. पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण भिजली की तिचा फुगवटा जातो आणि ऊबही जाते. त्यामुळे ती आणि झोपण्याचे कोरडे कपडे जलरोधक पिशवीत घालून सॅकच्या तळाशी. पावसात दिवसभर भिजले तरी सकाळी मी ओलेच कपडे पुन्हा चढवते, झोपायच्या कपड्यांना हात लावत नाही. हा नियम फार कठोर वाटतो, विशेषतः सकाळी सहा वाजता. मुक्कामासाठी दरीचा अगदी तळ टाळा. थंड हवा जड असते, रात्री ती उतरून तिथेच साचते. थोडं वर चढून तंबू लावला तर रात्र उबदार जाते आणि कापडावर आतून दवही कमी धरतं.

आता पाय. फोड अचानक येत नाही. आधी एका जागी गरम वाटतं, चुरचुरतं. तीच वेळ थांबायची. सोबती नसला की मन सांगतं, पुढच्या वळणावर बघू. म्हणून माझा नियम असा, की चुरचुरलं की दहा पावलांच्या आत सॅक खाली. मोजे काढायचे, पाय कोरडा करायचा, चिकटपट्टी लावायची. पाच मिनिटं जातात. तीन आठवड्यांच्या चालीत टाच सोलली, तर पाच दिवस जातात.

पल्ला किती धरायचा, यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला हिशोब आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. वीस किलोमीटर आणि १,२०० मीटर चढ असेल तर सहा तास. यात विश्रांती नाही, जेवण नाही, पाठीवरचं ओझं नाही. मी त्यात तिसरा हिस्सा आणखी मिळवते.

माझ्या मते एकट्यानं चालण्यातला खरा धोका उंच कडा नसतो, गारठा असतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. तापमान शून्याच्या वर पाच-सात अंश, अंगावर ओले कपडे आणि वारा, एवढं पुरतं. माणूस अडखळायला लागतो, बोटांनी वस्तू सांडायला लागतो, शब्द चघळायला लागतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा निर्णय बिघडतो. मी डोंगराच्या एका लांब धारेवर दुपारभर पावसात चालत होते. जॅकेटची चेन ओढायला गेले आणि बोटांत पकड येईना. दोनदा प्रयत्न केला. मनात आलं, अजून एक तास चालू, अंगात ऊब येईल. हा विचार मला त्या क्षणी अगदी शहाणपणाचा वाटला. पण माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं होतं: बोटं चालेनाशी झाली की तंबू. मी जागा न निवडता, उतारावरच, दातांनी दोऱ्या ओढून तंबू उभा केला, कोरडे कपडे घातले आणि बॅगेत शिरले. थरथर थांबायला तास-दीड तास लागला. त्या दिवशी माझ्या डोक्यानं मला वाचवलं नाही, आधी लिहून ठेवलेल्या ओळीनं वाचवलं.

नदीचंही तसंच. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मी एकटी उतरत नाही, बस. बर्फ वितळून येणारी नदी पहाटे सगळ्यात कमी असते, त्यामुळे अलीकडेच मुक्काम करायचा आणि पहाट होऊ द्यायची. उतरण्याआधी सॅकचा कमरपट्टा सोडायचा.

२०१३ मध्ये याच अपालाशियन ट्रेलवर, मेन राज्यात, एकटी चालणारी एक अनुभवी महिला लघुशंकेसाठी वाटेपासून आत गेली आणि तिला वाट पुन्हा सापडली नाही. तिनं मोबाईलवरून मदतीचे संदेश पाठवायचा प्रयत्न केला, पण रेंज नसल्यानं ते गेलेच नाहीत. ती जवळजवळ चार आठवडे जिवंत होती. तिचा तंबू दोन वर्षांनी सापडला, वाटेपासून फार लांब नाही. ही हकिकत वाचल्यापासून मी झाडीत शिरण्याआधी होकायंत्र हातात घेते, वाट कोणत्या दिशेला राहिली हे बघते आणि वाटेकडेच्या फांदीला रंगीत रुमाल बांधते. घरी एका माणसाकडे कागद असतो: रोजचा मुक्काम, तंबूचा रंग, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवलं नाही तर शोध सुरू करायचा. त्याशिवाय ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहाला संकेत देणारा बीकन मी खांद्याच्या पट्ट्याला लावते. सॅकच्या तळाशी ठेवलेला बीकन पाय मोडून पडल्यावर हाती लागत नाही.

तुम्ही विचाराल, मग एकटं जायचंच कशाला? मला याचं एकच खरं उत्तर ठाऊक आहे. तंबू लावून झाला, पाणी भरून झालं, अंधार पडायला अजून तास आहे, ती वेळ. पहिल्या तीन-चार दिवसांत तीच वेळ सोसवत नाही. हात रिकामे असतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. नंतर कधीतरी लक्षात येतं की आपण तासभर फक्त उतरत्या उन्हाकडे बघत बसलो होतो आणि काहीही हवं झालं नव्हतं. सोबत असताना मला तो तास कधी मिळालेला नाही.

एक सवय सांगते आणि थांबते. चालताना दर तासाला मी मोठ्यानं बोलते. आज तारीख काय, मी कुठे आहे, पुढचं पाणी कुठे, किती वाजेपर्यंत थांबायचं. वाट धरून ठेवायला याचा उपयोग होतोच, पण बोलण्यात शब्द घसरले तर ते माझ्याच कानावर पडतं.

ही सॅक मी भरूनच आणली आहे. आत्ता ती बारा किलो दोनशे ग्रॅमची आहे. पुढे या, पाठीवर घ्या, कमरपट्टा घट्ट आवळा आणि या सभागृहाला दोन फेऱ्या मारा. मग प्रश्न विचारा.