बेलीफ कुतांश

(दृश्य: समुद्र, ओहोटी, दूरवर किल्ला)

कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहिला की आपल्याकडे घरातले आवाज एकदम बसतात. हातात समन्स असणार, नाहीतर जप्तीचा हुकूम. जर्सी बेटावर मात्र बेलीफ कुणाच्या दारात जात नाही. तिथे बेलीफ म्हणजे बेटाचा मुख्य न्यायाधीश.

हो, आपल्या गोठ्यातल्या जर्सी गाईचं मूळ गाव हेच. जेमतेम ११८ चौरस किलोमीटरचं बेट. फ्रान्सचा किनारा अवघा बावीस किलोमीटरवर, पण राज्य इंग्लंडच्या राजाचं. १२०४ साली इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली, जर्सी आणि शेजारची चॅनेल बेटं तेवढी उरली. त्यांच्यासोबत नॉर्मंडीचा जुना रिवाजी कायदाही उरला. त्यातली एक गंमत पाहा. शेजारी तुमच्या हद्दीत भिंत घालतोय? दोन साक्षीदार बोलवा, गुडघे टेका आणि फ्रेंचमध्ये ओरडा : "हारो! हारो! हारो! राजा, मदतीला धाव, माझ्यावर अन्याय होतोय!" कोर्टाचा निकाल लागेपर्यंत शेजाऱ्याला काम थांबवावंच लागतं. आपल्याकडची जुनी द्वाहीच म्हणा ना.

अलेक्झांडर कुतांश याच बेटावर ९ मे १८९२ रोजी जन्मले. तारीख लक्षात असू द्या. वकिली, मग बेटाच्या विधिमंडळात सदस्य, १९३१ साली ॲटर्नी जनरल आणि १९३५ साली बेलीफ. कोर्टात त्यांच्या जोडीला बारा ज्युरॅट, म्हणजे बेटावरची जाणती माणसं. घडलं काय, हे ज्युरॅट ठरवणार. कोर्टाच्या अध्यक्षस्थानी बेलीफ. आणि कोर्टातून उठून हाच बेलीफ विधिमंडळाच्या अध्यक्षपदी बसणार! आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही, पण जर्सीत शतकानुशतकं चालत आलं होतं.

(दृश्य: रॉयल स्क्वेअर, कोर्टाची इमारत)

जून १९४०. फ्रान्स पडला. ही बेटं लढवायची नाहीत, असं लंडननं ठरवलं. फौज गेली, राजाचा प्रतिनिधी लेफ्टनंट गव्हर्नरही गेला. जाणाऱ्या बोटींतून हजारो माणसं गेली, एकेचाळीस हजार मागे राहिली. बेलीफनं जागा सोडायची नाही, असा निरोप आला.

१ जुलैला जर्मन विमानांनी पत्रकं टाकली : शरण या, शहरात पांढरे क्रूस रंगवा. एक क्रूस कोर्टासमोरच्या चौकातच रंगवला गेला. कुतांश फोर्ट रीजंट या किल्ल्यावर गेले आणि झेंडा त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला. मग जर्मनांना भेटायला विमानतळावर.

ज्या राजाच्या नावानं हारो घालायची, तो समुद्रापार. आता दाद कुणाकडे मागायची?

पुढची पाच वर्षं कुतांश खुर्चीवर राहिले. इथे त्यांची बाजू घेणं सोपं नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये ज्यूंच्या नोंदणीचा जर्मन हुकूम आला आणि जर्सीच्या कोर्टानं तो आपल्या दफ्तरी दाखल करून घेतला. बारा जणांनी नावं नोंदवली. संख्या लहान, पण दफ्तर न्यायालयाचं होतं. सप्टेंबर १९४२ मध्ये हजारावर बेटवासीयांना, त्यातल्या बायकामुलांसकट, जर्मनीतल्या छावण्यांत धाडलं गेलं. कुतांशनी निषेध केला. बोटी सुटल्याच. ते उठून गेले असते तर उरलेल्यांचं बरं झालं असतं का? मला तसं वाटत नाही. पण त्या बारा नावांपाशी माझी ही वकिली अडते.

१९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या आणि बेटाची रसद तुटली. लोक आणि जर्मन शिपाई, दोघंही उपाशी. बेटावरच्या अन्नाचा हिशेब कुतांशनी जर्मन सेनापतीपुढे लेखी मांडला, बाहेर कळवा म्हणून धरून बसले. ३० डिसेंबरला रेडक्रॉसचं 'वेगा' जहाज बंदराला लागलं. कोर्टासमोरच्या चौकात फरशी बसवणाऱ्या एका गवंड्यानं दगडांतच विजयाचा 'व्ही' जुळवला होता आणि वर वाळू पसरून झाकला होता. पुढे त्याच अक्षरापासून 'वेगा' हे नाव झालं. ते अजून तिथे आहे.

८ मे १९४५ ला त्याच चौकात ध्वनिक्षेपकावरून लोकांनी चर्चिलचं भाषण ऐकलं. "आपली लाडकी चॅनेल बेटं" हे शब्द आले. ज्या बेटावर रेडिओ ठेवणं तीन वर्षं गुन्हा होता, तिथे! दुसऱ्या दिवशी ब्रिटिश नौदल किनाऱ्याला लागलं, झेंडा पुन्हा चढला.

तारीख ९ मे. कुतांश त्रेपन्न वर्षांचे झाले होते.

(दृश्य: आजचं विधिमंडळ)

ज्युरॅट तोवर विधिमंडळातही बसत; १९४८ मध्ये ते तिथून बाहेर पडले : न्याय करणाऱ्यानं कायदे करू नयेत, म्हणून. बेलीफ मात्र दोन्ही खुर्च्यांवर राहिला. कुतांश १९६१ साली निवृत्त झाले, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले आणि १९७३ च्या डिसेंबरात वारले.

हारो अजूनही जर्सीच्या कायद्यात आहे. साक्षीदार मात्र दोन लागतात.